कामाच्या ठिकाणी बॅटरी चार्ज करायची, पण कुठे?

पालघर जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत फर्निचर बनवणाऱ्या लहान कारखान्याचे कार्यालयीन काम पाहणाऱ्या एका भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा : गाळ्यात पंचवीसेक माणसे काम करतात. कारखान्याच्या मालकीच्या ड्रिल आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या बॅटऱ्या पोटमाळ्याकडे जाणाऱ्या जिन्याखालील फळीवर दिवसभर, आणि पुष्कळदा रात्रभर, चार्जरला लावलेल्या असतात. विजेवरच्या स्कूटरने येणारे चार कारागीर आपापली बॅटरी काढून त्याच एक्स्टेन्शन बोर्डाला लावतात. पंधरवड्यापूर्वी ड्रिलची एक बॅटरी चार्जरवर इतकी तापली की तिचे प्लास्टिकचे आवरण एका बाजूने वितळल्यासारखे वाकले. ज्या मुलाच्या हे लक्षात आले, त्याने पगारातून पैसे कापले जातील या भीतीने ती बॅटरी दोन दिवस लपवून ठेवली. आता मालकांनी ‘उद्यापासून कारखान्यात कोणीही स्वतःची बॅटरी चार्ज करायची नाही’ अशी नोटीस लावायला सांगितले आहे. स्कूटरवाले नाराज आहेत, कारण घरी चार्जिंगची नीट सोय नाही आणि एका चार्जिंगमध्ये जाऊन-येऊन होत नाही. लोखंडी कपाटात ठेवून चार्ज करावे, असे एक जण सुचवतो. अग्निशामक सिलिंडर आहेत, मग काळजी कसली, असे दुसरा म्हणतो. वाकलेली बॅटरी सध्या पत्रलेखिकेच्या टेबलाच्या खणात आहे. बंदी घालणे योग्य ठरेल का, आणि नसेल तर मालकांपुढे कोणता पर्याय ठेवावा, असे त्या विचारतात.

नमस्कार.

सर्वांत आधी तुमच्या खणातील त्या बॅटरीविषयी. बाकीचे उत्तर नंतर वाचले तरी चालेल, पण ही बॅटरी आजच इमारतीबाहेर गेली पाहिजे. ती गार असेल आणि तिला कसलाही वास येत नसेल, तर तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ती ठेवा, झाकण घट्ट न लावता नुसते वर टेकवा, आणि तो डबा भिंती, वाहने व लाकडाचा साठा यांच्यापासून चार-पाच मीटर दूर, पावसाचे पाणी पडणार नाही अशा उघड्या जागी ठेवा. हाताला ती कोमट लागली, फुसफुस आवाज आला किंवा रंगाच्या दुकानात येतो तसा गोडसर वास आला, तर तिला हात लावू नका. सर्वांना बाहेर काढा आणि १०१ वर फोन करा. पंधरा दिवस काही झाले नाही म्हणून आता काही होणार नाही, असा हिशेब या बॅटऱ्यांच्या बाबतीत करता येत नाही. आतील सेलला इजा झालेली असेल, तर बिघाड काही तासांनी किंवा काही दिवसांनीही उफाळून येऊ शकतो.

आता नोटिशीकडे वळू. मालकांना वाटणारी काळजी खरी आहे आणि ती त्यांनी मनावर घेतली, हे चांगलेच झाले. मात्र त्यांनी सांगितलेला मजकूर पुन्हा एकदा शांतपणे वाचा. ‘स्वतःची बॅटरी’ चार्ज करायला बंदी आहे. वितळलेली बॅटरी कोणाची होती? ती कारखान्याच्याच ड्रिलची होती. म्हणजे जिथे प्रत्यक्ष बिघाड झाला त्या गोष्टीला ही नोटीस हातही लावत नाही. जिन्याखालची फळी, तोच बोर्ड आणि रात्रभर चालू राहणारे चार्जर जसेच्या तसे राहतात, आणि बोजा मात्र त्या चार कारागिरांवर पडतो. धोका बाहेरून येणाऱ्यांनी आणला, असे आपल्याला पटकन वाटते, ते स्वाभाविक आहे, पण तुम्ही पाठवलेल्या हकिगतीला ते जुळत नाही.

याचा अर्थ स्कूटरची बॅटरी निर्धोक आहे असा मुळीच नाही. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की बॅटरीत किती ऊर्जा भरलेली असते ते वॉट-तासांत कळते, आणि हे दोन्ही आकडे बॅटरीवरच छापलेले असतात. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाच्या ड्रिलच्या बॅटरीत ७२ वॉट-तास असतात. ४८ व्होल्ट, २४ अँपिअर-तासाच्या स्कूटरच्या बॅटरीत ११५२. म्हणजे स्कूटरची एक बॅटरी ड्रिलच्या सोळा बॅटऱ्यांएवढी झाली, आणि तुमच्या जिन्याखाली अशा चार एकत्र येतात. शिवाय ज्या स्कूटरची मोटार २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असतो, त्यांना नोंदणी लागत नाही. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत नोंदणीच्या दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस १५६ या मानकाचे सुधारित, अधिक कडक नियम लागू झाले. बिननोंदणीच्या स्कूटरची बॅटरी त्या चाचण्यांतून गेलेली आहे, असे धरून चालू नये. तेव्हा मालकांच्या भीतीला आधार आहे. तिच्यावर त्यांनी शोधलेला उपाय अपुरा आहे, इतकेच माझे म्हणणे आहे.

बंदीने चार्जिंग थांबत नाही, ते दुसरीकडे जाते, हेही लक्षात घ्यायला हवे. ज्याला संध्याकाळी घरी पोहोचायचे आहे, तो माणूस प्लायवूडच्या थप्पीमागचा एखादा मोकळा प्लग शोधून काढतो आणि चार्जरचा दिवा कोणाला दिसू नये म्हणून त्यावर पोते टाकतो. किंवा तो घरी, रात्री सगळे झोपल्यावर, दाराजवळच्या प्लगला बॅटरी लावतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात, वसईत, रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून काही दिवसांनी दगावला. दिवसा, उघड्यावर, चार जाणत्या माणसांच्या नजरेसमोर होणारे चार्जिंग आणि पहाटे बंद खोलीत होणारे चार्जिंग यांतून निवड करायची असेल, तर मालक म्हणून पहिले स्वीकारणे अधिक जबाबदारीचे आहे, असे मला ठामपणे वाटते.

म्हणून प्रश्नाची मांडणी थोडी बदलून पाहू. ‘बॅटरी पेटेल का’ याचे खात्रीचे उत्तर तुम्ही, मी किंवा विक्रेता कोणीच देऊ शकत नाही; चांगल्या बनावटीच्या, योग्य चार्जरवर लावलेल्या बॅटरीत ती शक्यता फार कमी असते, पण ती शून्य नसते. ‘पेटलीच तर तिच्या शेजारी काय आहे आणि तिच्या पलीकडे कोण आहे’ याचे उत्तर मात्र तुम्ही आजच देऊ शकता. तुमच्या गाळ्यात शेजारी प्लायवूड, फोम, लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा थिनर आहे. पलीकडे पोटमाळा आहे आणि तिथे काम करणाऱ्यांना खाली यायला तो एकच जिना आहे. सिकंदराबादेत १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री एका हॉटेलच्या इमारतीत खाली असलेल्या विजेवरच्या स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली. धूर जिन्यावाटे वर गेला आणि आठ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक वर मुक्कामाला असलेले पाहुणे होते. जिन्याखालची जागा रिकामी असते आणि कोणाच्या पायात येत नाही, म्हणून आपल्याकडे मीटर, इन्व्हर्टर, भंगार असे सारे तिथेच जाते. बॅटरीसाठी संपूर्ण गाळ्यात तिच्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. तुमच्या पत्रातील एकच गोष्ट उद्या सकाळी बदलता येणार असेल, तर ही बदला.

धुराला मी इतके महत्त्व का देतो, ते थोडक्यात सांगतो, कारण कपाटाचा आणि सिलिंडरचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. लिथियम-आयन सेलमध्ये धन आणि ऋण बाजूंमध्ये प्लास्टिकचा एक अतिशय पातळ पडदा असतो आणि सर्वत्र पेट घेणारे द्रावण भरलेले असते. जास्त चार्जिंग, आपटणे, आतील दोष किंवा बाहेरची उष्णता यांमुळे सेल तापू लागला की एका मर्यादेनंतर आतील रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करू लागतात. साधारण १३० अंश सेल्सियसला तो पडदा वितळतो, दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात आणि मग ते तापणे बाहेरून प्लग काढला तरी थांबत नाही. एक सेल फुटला की त्याच्या धगीने शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. या वेळी बाहेर पडणाऱ्या वायूंत हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड असतात, म्हणजे ते पेटू शकतात आणि गुदमरवूही शकतात. शिवाय द्रावणातील क्षारामुळे हायड्रोजन फ्लोराइड हा फुप्फुसांना जाळणारा विषारी वायू तयार होतो. सुरुवातीला दिसणारा पांढरा धूर म्हणजे वाफ नव्हे. तो आत ओढून घेत बॅटरी उचलायला धावणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते, आणि नेमके तेच करावे असे धीट माणसाला त्या क्षणी वाटते.

आता कपाट. साधे लोखंडी कपाट आगीपासून कागदपत्रे काही काळ वाचवील, पण आतून येणाऱ्या वायूचे ते काय करणार? दार लावलेल्या कपाटात चार बॅटऱ्या चार्ज करणे म्हणजे शिट्टी तुंबलेला कुकर चुलीवर ठेवणे आहे. वायू कोंडतो, ठिणगी मिळताच भडका उडतो आणि दार सुटून समोरच्यावर येऊ शकते. कपाटात हवा खेळत नसल्याने चार्जर आणि बॅटऱ्या एरवीही अधिक तापतात, आणि सर्व बॅटऱ्या एकमेकींना खेटून असल्याने एकीची आग चौघींना लागते. खास बॅटरीसाठी बनवलेली, वायू बाहेर काढण्याची आणि धूर ओळखण्याची सोय असलेली, चाचणी झालेली कपाटे मिळतात. ती महाग असतात, आणि तुमच्या आकाराच्या कारखान्याला मोकळे अंगण उपलब्ध असताना त्यांच्यावर खर्च करण्याची मला गरज दिसत नाही.

सिलिंडरविषयी तुमच्या सहकाऱ्यांचा विश्वास मोडावा लागणार आहे. भिंतीवर असतात ते एबीसी पावडरचे सिलिंडर लाकूड, थिनर आणि विजेच्या उपकरणांच्या आगीसाठी उत्तम आहेत, आणि बॅटरीमुळे शेजारच्या फळीने पेट घेतला तर ते अवश्य वापरावेत. परंतु पावडर ज्वाळा दाबते, सेलला थंड करत नाही. आत तापणे चालूच राहते आणि थोड्या वेळाने पुन्हा पेट घेतला जातो. जून २०२४ मध्ये दक्षिण कोरियातील ह्वासोंग येथे बॅटरीच्या कारखान्यात लागलेल्या आगीत २३ कामगार मृत्युमुखी पडले. तेथील बॅटऱ्या एकदाच वापरायच्या, वेगळ्या रसायनाच्या होत्या, त्यामुळे तुलना ताणू नये. पण तिथेही कामगारांनी सिलिंडर मारून आग विझवण्याचा प्रयत्न केला होता आणि मिनिटभराच्या आत खोली धुराने भरली. लिथियम म्हटले की पाणी मारू नये, असा समज तुमच्याकडेही असेल. तो शुद्ध लिथियम धातूच्या बाबतीत खरा आहे. लिथियम-आयन बॅटरीत लिथियम संयुगांच्या रूपात असते आणि तिच्या आगीवर भरपूर पाणी हाच थंड करण्याचा उपाय आहे. मात्र ते काम अग्निशमन दलाचे आहे. तुम्ही दूरवरचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पाडायचा, माणसे बाहेर काढायची, आणि १०१ वर फोन करताना ‘लिथियम बॅटरी पेटली आहे’ हे शब्द न विसरता सांगायचे. आग विझल्यावरही ती बॅटरी आत आणायची नाही.

मग चार्जिंग कुठे करायचे? तुमच्या पत्रात गाळ्याच्या मागे कुंपणभिंतीपाशी स्कूटर लावण्याची जागा असल्याचा ओझरता उल्लेख आहे. तीच योग्य जागा आहे. बॅटरी काढून आत आणण्याऐवजी स्कूटर तिथेच उभी ठेवून चार्ज होऊ द्या. वर पत्र्याची शेड असावी म्हणजे ऊन आणि पाऊस लागणार नाही, बाजू मोकळ्या असाव्यात, आणि जागा गाळ्याच्या खिडकीपासून व येण्याजाण्याच्या वाटेपासून किमान तीन-चार मीटर दूर असावी. दोन स्कूटरच्या मध्ये माणूस सहज चालत जाईल एवढे अंतर ठेवावे. शेडसाठी वसाहतीच्या सोसायटीची परवानगी लागेल. ती लेखी घ्या, कारण उद्या शेजारच्या गाळेधारकाने विचारले तर तोंडी संमती कोणालाच आठवत नाही. ज्या वाचकांकडे असे अंगण नाही, त्यांनी निदान बाहेरच्या भिंतीलगत, वर-खाली माणसे बसत नाहीत आणि बाहेर पडण्याची वाट आडवी येत नाही असा कोपरा निवडावा. तेही शक्य नसेल, तर मात्र त्या जागेत स्कूटरच्या बॅटरीला खरोखरच नकार द्यावा आणि जवळपासच्या चार्जिंग केंद्राचा खर्च वाटून घेता येईल का, याचा विचार करावा.

विजेच्या जोडणीत काटकसर करू नका. सध्या चार स्कूटरचे चार्जर प्रत्येकी दीड ते दोन अँपिअर घेत असतील, त्यात ड्रिलचे चार्जर; म्हणजे ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर सात-आठ अँपिअर तासन्‌तास वाहत आहेत. अशा बोर्डाचा प्लग दुपारी चारच्या सुमारास हाताला चटका देत असेल, आणि बॅटरीच्या आधी आग तिथेच लागू शकते. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून मुख्य फलकातून स्वतंत्र लाइन ओढून घ्या, प्रत्येक स्कूटरला भिंतीवर स्वतंत्र, पाण्यापासून सुरक्षित सॉकेट द्या, त्या लाइनला वेगळा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, अर्थिंग तपासून घ्या, आणि हा सारा फलक चार्जिंगच्या जागेपासून दूर, गाळ्याच्या दाराजवळ ठेवा, म्हणजे आग लागली असताना वीज तोडायला आगीपाशी जावे लागणार नाही. लाइनला साधा टायमर लावला तर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच याबाहेर वीज मिळणारच नाही आणि कोणाला आठवण करून देण्याची गरज उरणार नाही.

चार्जर हा विषय बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. बाजारात ‘४८ व्होल्टचा चार्जर’ म्हणून तीन वेगळ्या वस्तू मिळतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारच्या लिथियम-आयन बॅटरीत १३ सेल एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येकाची कमाल ४.२ व्होल्ट, म्हणजे तिच्या चार्जरवर ५४.६ व्होल्ट छापलेले असते. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) प्रकारात १६ सेल आणि चार्जरवर ५८.४. जुन्या लेड-ॲसिड बॅटरीचा चार्जरही ५८-५९ व्होल्टच्या आसपास जातो. तिघांची पिन पुष्कळदा एकसारखीच असते. आता एखाद्या कारागिराने मित्राचा ५८.४ चा चार्जर आणून ५४.६ च्या बॅटरीला लावला, तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी जवळजवळ ४.५ व्होल्ट येतात. बॅटरीतील संरक्षक सर्किट ते तोडते, अशी अपेक्षा असते. पण त्या सर्किटवर रोज तो भार टाकणे आणि ते कधीच चुकणार नाही असे मानणे म्हणजे शेवटचा आधार पहिल्यांदाच वापरून टाकणे. म्हणून ‘लागतो म्हणजे चालतो’ हा नियम तुमच्याकडे चालू देऊ नका. बॅटरीवरील आणि चार्जरवरील आकडे जुळले पाहिजेत, आणि चार्जर कंपनीने दिलेला किंवा तिने मान्य केलेलाच असला पाहिजे.

स्कूटरवरून आल्या आल्या बॅटरी तापलेली असते. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा आणि मग प्लग लावावा. चार्जिंगसाठी बहुतेक बॅटऱ्यांची कमाल मर्यादा ४५ अंश असते आणि मे महिन्यात पत्र्याखाली ती सहज ओलांडली जाते, तेव्हा उन्हाळ्यात चार्जिंगची वेळ सकाळकडे सरकवावी. पावसाळ्यात तुमच्या भागात रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचते. त्या पाण्यातून आलेल्या स्कूटरची बॅटरी वरून कोरडी दिसली, तरी तपासून घेतल्याशिवाय तिला चार्जर लावू देऊ नका.

ड्रिलच्या बॅटऱ्या आतच राहतील, त्यांना बाहेर नेण्याची गरज नाही. फक्त त्यांची जागा आणि शिस्त बदलायला हवी. लाकडी फळीऐवजी सिमेंट शीट बसवलेले लोखंडी टेबल घ्या, ते जिना, थिनर आणि कापणीच्या यंत्रापासून दूर ठेवा आणि दोन चार्जरमध्ये वीतभर अंतर ठेवा. तुमच्याकडे भुसा उडतो, तो चार्जरच्या झरोक्यांत साचून त्याची हवा बंद करतो. तेव्हा आठवड्यातून एकदा, प्लग काढून, झरोके साफ करावेत. बॅटरी भरली की काढून ठेवावी, आणि शटर ओढण्यापूर्वी त्या टेबलाची वीज बंद झालीच पाहिजे. सुटी बॅटरी स्क्रूच्या डब्यात टाकण्याची सवय कारागिरांमध्ये सर्रास दिसते. एखादा स्क्रू किंवा लोखंडाचा कीस टोकांमध्ये अडकून शॉर्ट सर्किट व्हायला तेवढे पुरते. महिनोन्‌महिने न लागणाऱ्या बॅटऱ्या पूर्ण न भरता अर्ध्याच्या आसपास ठेवाव्यात. बॅटरी जितकी भरलेली, तितका बिघाडाच्या वेळचा भडका मोठा. विमानाने सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या पाठवताना त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेल्या असू नयेत, हा आंतरराष्ट्रीय नियम याच कारणाने आला. नवी बॅटरी घेताना भारतीय मानक आयएस १६०४६ आणि त्याखालील ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा; तो नसलेली स्वस्त बॅटरी खरेदीच्या यादीतून काढून टाकावी. मोबाइल आणि लॅपटॉप यांच्यासाठी वेगळा नियम करत बसू नका, त्यांनाही हेच टेबल दाखवा.

तुमच्या पत्रातील जी गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करून गेली, ती वितळलेली बॅटरी नसून ते दोन दिवस आहेत. त्या मुलाने धोका ओळखला होता. त्याने सांगितले नाही, कारण सांगण्याची किंमत त्याला पगारात मोजावी लागेल असे वाटत होते. पैसे कापण्याची ही प्रथा तुमच्याकडे खरोखर आहे, की ती नुसती भीती आहे, हे मला पत्रावरून कळत नाही. दोन्हींचा परिणाम मात्र एकच झाला. ड्रिलच्या बॅटरीतील सेल बहुधा पोलादी नळीतले असतात. ते मोबाइलच्या बॅटरीसारखे फुगून आपल्याला सावध करत नाहीत. शिडीवरून पडलेली, आवरणाला तडा गेलेली, चार्ज होताना नेहमीपेक्षा जास्त तापणारी किंवा अचानक लवकर उतरणारी बॅटरी फक्त ती वापरणाऱ्यालाच ओळखता येते. म्हणजे त्याचे सांगणे हाच तुमच्याकडचा सर्वांत लवकर वाजणारा इशारा आहे. मालकांनी सर्वांसमोर स्पष्ट शब्दांत सांगावे की खराब बॅटरी आणून देणाऱ्याकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही, आणि पहिल्या वेळी ते पाळून दाखवावे.

मालकांशी बोलताना भीती घालण्यापेक्षा त्यांच्या जबाबदारीच्या भाषेत बोललात तर अधिक उपयोग होईल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगीपासून बचावाच्या व्यवस्था चालू स्थितीत ठेवणे हे मालकाचे किंवा जागा वापरणाऱ्याचे काम आहे आणि परवानाधारक संस्थेकडून जानेवारीत व जुलैमध्ये तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या संस्थेचा माणूस येईल तेव्हा त्याला केवळ सिलिंडरची तारीख दाखवू नका, चार्जिंगची जागाही दाखवा आणि त्याचे म्हणणे लेखी मागा. विमा कंपनीलाही आवारात स्कूटर चार्ज होतात हे कळवून ठेवावे. दाव्याच्या वेळी ही माहिती प्रथमच समोर येणे मालकांना परवडणारे नाही. शेड, स्वतंत्र लाइन, टायमर आणि टेबल यांचा अंदाजपत्रकाचा कागद सोबत घेऊन जा. ‘बंदी की परवानगी’ अशी चर्चा झाली तर ते बंदीच निवडतील; समोर खर्चाचा आकडा आणि जागेचा नकाशा असला, तर बोलणे कामाच्या दिशेने जाईल.

डब्यातील ती बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका आणि कचऱ्यात टाकू नका. तो ती हातोडीने फोडील किंवा कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाईल, आणि आग तिथे लागेल. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून योग्य संकलकाकडे देण्याची आपल्यावर. ड्रिलच्या कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करून, बॅटरी खराब झालेली आहे हे आधी सांगून, ती कशी पोहोचवायची ते विचारा. कुरिअरने पाठवू नका.

नोटीस तर लावावी लागेलच. तिचा मजकूर असा ठेवता येईल : ‘स्कूटरची बॅटरी फक्त मागील शेडमध्ये, सकाळी दहा ते पाच या वेळेत, नोंद केलेल्या चार्जरनेच चार्ज करावी. ड्रिलच्या बॅटऱ्या फक्त नेमलेल्या टेबलावर चार्ज कराव्यात. शटर बंद होण्यापूर्वी टेबलाची वीज बंद केली जाईल. जिन्याखाली काहीही ठेवू नये. पडलेली, तडा गेलेली, फुगलेली किंवा तापणारी बॅटरी लगेच कार्यालयात कळवावी; त्याबद्दल कोणाचेही पैसे कापले जाणार नाहीत. बॅटरीतून धूर आल्यास तिला हात न लावता बाहेर पडावे.’ शेड तयार होईपर्यंतच्या काही आठवड्यांत स्कूटरच्या बॅटऱ्या आत आणणे थांबवावे लागेल. तेवढ्या काळासाठी त्या चौघांच्या जाण्यायेण्याच्या भाड्यात मालकांनी वाटा उचलावा, अशी विनंती तुम्ही त्यांच्या वतीने करावी, असे मला वाटते.

मात्र नोटीस चिकटवण्याआधी त्या चौघांना आणि ज्याने बॅटरी लपवली त्या मुलाला एकत्र बसवून हा मजकूर वाचून दाखवा. कुठली वेळ जमत नाही, शेडमध्ये पाणी कुठून येते, कोणाची बॅटरी स्कूटरवर असताना चार्ज होतच नाही, हे त्यांच्याकडूनच कळेल. येताना प्रत्येकाला आपला चार्जर सोबत आणायला सांगा, आणि बॅटरीवरचे व चार्जरवरचे आकडे तिथेच, त्यांच्यासमोर, वहीत उतरवून घ्या.